मागची लिफ्ट आणि ‘बियॉन्ड द पेल’

आमच्या इमारतीला दोन लिफ्ट आहेत. पुढची आरसा लावलेली, मागची सामान चढवायची. गेल्या महिन्यात पुढच्या लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेला एक कागद लागला. इंग्रजीत, तीनच ओळी. घरकामाला येणाऱ्या बायका, सामान पोचवणारी मुलं आणि कुत्री घेऊन जाणारे यांनी मागची लिफ्ट वापरावी, असा मजकूर. मी सातव्या मजल्यावर राहतो. वर पोचेपर्यंत त्या तीन ओळी डोक्यात घुमत राहिल्या आणि दार उघडून मी तसाच, चपला न काढता, कमिटीला पत्र लिहायला बसलो.

नोटीस इंग्रजीत म्हणून पत्रही इंग्रजीत. एकतीस वर्षं कॉलेजात ती भाषा शिकवली, संतापाच्या वेळी तिचे शब्द चटकन हाताशी येतात. तिसरं वाक्य उतरलं : ‘धिस नोटीस इज बियॉन्ड द पेल.’ ही नोटीस सभ्यतेच्या हद्दीबाहेरची आहे. पुढे सातव्या वाक्यात पुन्हा तोच वाक्प्रचार आला : जो कोणी या नोटिशीचं समर्थन करेल तो स्वतःलाच ‘बियॉन्ड द पेल’ नेऊन ठेवेल. पत्र पुरं केलं आणि टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलं.

माझी भाची डब्लिनला सहा वर्षं नोकरी करते. दोन आठवड्यांसाठी पुण्याला आली होती. संध्याकाळी चहा घेताना तिने ते पत्र वाचायला घेतलं आणि तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं.

“मामा, हे वाक्य काढ.”

“का? चुकलंय?”

“चुकलेलं नाही. नेमकं बरोबर आहे, म्हणूनच काढ म्हणतेय.”

“बरोबर आहे कशावरून म्हणतेस, ते तरी सांग आधी,” मी म्हणालो. हा वाक्प्रचार वर्गात मी किती वेळा शिकवला असेन, आणि मुलांनी तो किती परींनी चुकीचा लिहून आणला असेल, याला गणती नाही. भाचीला कितपत ठाऊक आहे ते मला पाहायचं होतं.

“पेल म्हणजे खुंट,” ती म्हणाली. “टोक काढून जमिनीत ठोकलेला लाकडी खुंट. त्यावरून खुंटांचं कुंपण, आणि कुंपणावरून हद्द.”

“लॅटिन पालुस. त्याच मुळातून इंग्रजीत पोल आला, खांबांची तटबंदी म्हणजे पॅलिसेड आला, आणि इम्पेलही आला, म्हणजे सुळावर चढवणं. फिकट या अर्थाचा जो पेल आहे त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. तो पॅलिडुस या वेगळ्याच शब्दाचा वंशज. दोघांचं स्पेलिंग एक, उच्चार एक, त्यामुळे मुलं दरवर्षी फसायची. एकाने लिहिलं होतं की आजारपणामुळे बहिणीचा चेहरा बियॉन्ड द पेल गेला. आणि दुसरी चूक बादलीची. तसाच उच्चार, स्पेलिंग तेवढं वेगळं. ‘बादलीपलीकडे’ असं लिहिणारे आजही छापील मजकुरात भेटतात.”

“या झाल्या स्पेलिंगच्या चुका. आमच्या ऑफिसात दिसते ती चूक निराळी. खर्च जरा वाढला की कोणीतरी मेलमध्ये लिहितं, धिस इज बियॉन्ड द पेल.”

खरी चूक तीच. उन्हाळा कडक असला तर तो बियॉन्ड द पेल नसतो. पगार अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर तोही नसतो. गायिकेने मैफल गाजवली म्हणून तिचं गाणं बियॉन्ड द पेल गेलं असं लिहिलं तर स्तुतीऐवजी तिचा अपमान होतो. या शब्दांत मोजमाप नाही, निवाडा आहे. चार माणसांनी ज्याला सभ्य, सहन करण्याजोगं मानलं त्याच्या बाहेर कोणाची तरी कृती गेली, असं ते शब्द म्हणतात. एखादं वागणं तिथे असतं किंवा नसतं. त्यामुळे ‘थोडंसं बियॉन्ड द पेल’ किंवा ‘व्हेरी बियॉन्ड द पेल’ लिहिलं की वाक्य लंगडतं. ‘पार’ किंवा ‘पूर्णपणे’ चालतं, कारण त्याने निवाड्याला जोर येतो. जुन्या लिखाणात ‘विदिन द पेल’ सापडतं, चर्चच्या किंवा कायद्याच्या कुंपणाच्या आत अशा अर्थाने, पण आता हा पेल बहुतेक ‘बियॉन्ड’चं बोट धरूनच चालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. ऑफिसातल्या फुटकळ कुरबुरीवर ते टाकायचं नसतं. समोरचा माणूस इंग्रजी जाणणारा असेल तर ‘तुमचं वागणं बियॉन्ड द पेल आहे’ हे वाचून तो दुखावलाच पाहिजे. दुखवायचं नसेल तर दुसरा शब्द शोधावा.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तुझ्या पत्रात ते चपखल बसतं. नोटीस हे वागणंच आहे, वजनही तेवढंच हवं. कबूल. आता तू वर्गात सांगायचास ती गोष्ट सांग.”

ती गोष्ट माझी फार आवडती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये इंग्लंडच्या राजाची सत्ता खऱ्या अर्थाने डब्लिनच्या आसपासच्या पट्ट्यातच उरली होती. डब्लिन, मीथ, लाऊथ आणि किल्डेअर या चार काउंट्यांचे भाग. त्या पट्ट्याला ‘द पेल’ म्हणत, पहिलं अक्षर मोठं करून. १४९४ मध्ये राजाचा प्रतिनिधी एडवर्ड पॉइनिंग्स याच्या कारकिर्दीत ड्रॉहेडा इथे संसद भरली आणि त्या पट्ट्याच्या कडेने सहा फूट उंचीचा बांध घालावा, चर खणावा असं फर्मान निघालं. आतले लोक इंग्रजांच्या कायद्याखाली, बाहेरचे रानटी. त्या बांधाबाहेर पाऊल टाकणं म्हणजे सभ्य जगाबाहेर जाणं, आणि त्यावरून बियॉन्ड द पेल. दरवर्षी मी फळ्यावर आयर्लंडचा नकाशा काढायचो, डब्लिनभोवती खडूने कुंपण आखायचो. वर्ग शांत व्हायचा.

भाचीने फोन उघडून मला एक फोटो दाखवला. हिरवं मैदान, त्यात मातीचा लांबट उंचवटा, वर झाडं वाढलेली.

“हा तो बांध. किल्डेअरमध्ये क्लेन गावाजवळ क्लॉन्गोज वुड नावाची शाळा आहे, जेम्स जॉइस लहानपणी तिथे होता. तिच्या आवारात त्याचा एक तुकडा टिकून आहे. माझी एक सहकारी त्याच भागातली, तिने पाठवला. बांध सलग कधीच नव्हता, मामा. आणि त्याचं रोजचं काम सभ्यता राखायचं नव्हतं, गुरं राखायचं होतं. रात्री धाड घालून गुरं हाकून नेणाऱ्यांना चर ओलांडताना खोळंबा व्हावा, एवढाच हेतू.”

मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तीसेक वर्षं खडूने जे आखलं ते असं दिसतं. आपल्याकडे शेताच्या बांधावर बाभळी माजतात, तसंच.

“आणि दुसरं सांगते, रागावू नकोस. शब्दांचा इतिहास लिहिणारे तुझी गोष्ट मानत नाहीत. पेल हा शब्द हद्द या अर्थाने इंग्रजीत सगळीकडेच चालत होता. फ्रान्समध्ये कॅले शहर इंग्रजांनी १३४७ मध्ये घेतलं आणि १५५८ पर्यंत ठेवलं, त्याच्या भोवतालच्या मुलखालाही पेलच म्हणायचे. आणि हा वाक्प्रचार आजच्या अर्थाने लिखाणात दिसायला लागतो तो डब्लिनचं कुंपण निरर्थक होऊन गेल्यावर, पुष्कळ नंतर. डब्लिनच्या कुंपणातूनच तो निघाला याचा पुरावा नाही.”

मला ते लागलं. गोष्टीवर माझा जीव होता, आणि आपण इतकी वर्षं पोरांना कच्चा पुरावा पक्का म्हणून दिला हे कळणं शिक्षकाला जड जातं. पण मी हटलो नाही.

“समजा नसेल डब्लिनचा. आपण लक्ष्मणरेषा म्हणतो. वाल्मीकीच्या रामायणात ती रेषा नाही, लोकांनी मागाहून ओढली. म्हणून लक्ष्मणरेषा ओलांडणं हा प्रयोग चुकीचा ठरतो का? लोकांनी गोष्ट जोडली, गोष्टीने शब्दाला धार आली. वापरणाऱ्याला अर्थ पक्का ठाऊक हवा, जन्मकुंडली जुळली नाही तरी चालेल.”

“बरं उदाहरण दिलंस,” ती म्हणाली. “लक्ष्मणरेषा आज कोणासाठी वापरतात बघ. मुलगी रात्री उशिरा आली की घरात तिला ती आठवते. मुलाला कोणी आठवून देत नाही. रेषा कोणीही ओढलेली असो, ती कोणाच्या पायापुढे ओढलीय ते शब्दात शिल्लक राहतं. माझं म्हणणं तेवढंच आहे.”

चहा निवला होता. ती दुसऱ्यांदा करायला उठली आणि स्वयंपाकघरातूनच बोलत राहिली.

“आमच्या ऑफिसातले लोक ‘बियॉन्ड द पेल’ वेगळंच वापरतात. डब्लिनबाहेर राहणारा कोणी असला की म्हणतो, मी बियॉन्ड द पेलवरून येतो. हसत म्हणतो, पण मान ताठ असते. कारण त्यांच्या दृष्टीने कुंपणाबाहेर त्यांची भाषा होती, त्यांची माणसं होती. १३६६ मध्ये किलकेनीला जे कायदे केले त्यांत आयर्लंडमधल्या इंग्रजांनी आयरिश बोलायचं नाही, आयरिशांशी सोयरीक करायची नाही, आयरिश नावं घ्यायची नाहीत असं घातलं होतं. इंग्रजी बोलावी अशी ताकीद देणारा तो कायदा लिहिलेला होता फ्रेंचमध्ये! म्हणजे ‘बाहेरचे’ कोण हे नेहमी आतले ठरवणार. डब्लिनमध्ये बसून हा वाक्प्रचार लिहिताना माझा हात थांबतो.”

“रशियात उलट होतं,” मी म्हणालो.

“तेच सांगणार होते. कॅथरीन राणीने १७९१ मध्ये ज्यूंना राहायला म्हणून पश्चिमेकडचा एक मुलूख आखून दिला, १९१७ च्या क्रांतीपर्यंत तो टिकला. आजचे बेलारूस, लिथुआनिया, मोल्डोवा, युक्रेन आणि पोलंडचे भाग त्यात येत. इंग्रजीत त्यालाही पेल म्हणतात, पेल ऑफ सेटलमेंट. रशियन शब्दाचा अर्थ नुसता ‘वस्तीची रेषा’ असा आहे, इंग्रजांनी भाषांतर करताना आपला जुना खुंट तिथे ठोकला. तिथे तुच्छ मानलेली माणसं कुंपणाच्या आत, आणि परवानगीशिवाय बाहेर राहणं गुन्हा. म्हणजे आत की बाहेर याला अर्थ नाही. कुंपण घालणारा एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, एवढंच खरं.”

ती कप घेऊन आली. “आता हेच वाक्य मराठीत कर बघू. बियॉन्ड द पेल, शब्दाला शब्द.”

मी तोंड उघडलं आणि थांबलो. कुंपणाबाहेर, वेशीबाहेर, आणि मग जो शब्द आला तो होता गावकुसाबाहेर.

मराठीत या शब्दाचा निवाडा उलट्या दिशेने चालतो. गावकुसाबाहेरचा म्हणजे ज्याने मर्यादा सोडली तो, असं कोणी ऐकत नाही. ज्याला बाहेर ठेवलं, पाण्यापासून, देवळापासून, रस्त्यापासून तोडलं, तो. शब्द उच्चारला की मान बाहेरच्याची खाली जात नाही, आतल्याची जायला हवी. हे घडवून आणलं ते दलित लेखकांनी, गेल्या साठएक वर्षांत, आणि त्यांच्याआधी बाबासाहेबांनी. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकात त्यांनी प्रश्नच असा मांडला की अस्पृश्य गावाबाहेर का राहतात. आणि असं दुसरीकडे कुठे घडलं का हे तपासताना त्यांनी बोट ठेवलं ते आयर्लंडवर आणि वेल्सवर. आपल्या टोळीतून तुटलेली, दुसऱ्यांच्या आश्रयाला आलेली माणसं तिथेही वस्तीच्या कडेला राहत, त्यांना आयर्लंडात फुइधिर म्हणत. इंग्रजांच्या बांधाच्या कितीतरी आधीची ती गोष्ट. मी तो भाग पूर्वी वाचला होता. पण फळ्यावर डब्लिनभोवती खडूचं कुंपण काढताना मला एकदाही तो आठवला नाही. आज आठवला.

“दिसलं?” भाची म्हणाली. “लिफ्टची नोटीस काय म्हणते? काही माणसं आतली, काही बाहेरची. आणि तिचा निषेध करायला तू शब्द कुठला उचललास? कुंपणवाल्यांचाच. मला ते सहन होत नाही, मामा. सरळ लिही की नोटीस अनअॅक्सेप्टेबल आहे. प्रश्न मिटला.”

“अनअॅक्सेप्टेबल? तो शब्द बँकेच्या पत्रात असतो, चेकवरची सही जुळली नाही की. इतका झिजलाय की कागदावर त्याचा ठसाच उमटत नाही. आणि तू म्हणतेस त्या न्यायाने भाषा धुवायला घेतली तर काय उरेल? तडीपार हा शब्द बघ. तड म्हणजे काठ, काठापलीकडे घालवलेला. बांधणी अगदी बियॉन्ड द पेलची. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या पंचावन्न ते सत्तावन्न कलमांखाली आजही गुंडांना जिल्ह्याबाहेर काढतात, आणि पेपरात तडीपारच छापतात. हद्दपार, बहिष्कृत, शिवेबाहेर, सगळे शब्द कुंपणवाल्यांचेच. पण बहिष्कृत हा शब्द बाबासाहेबांनी आपल्या पाक्षिकाच्या नावात घेतला. ‘बहिष्कृत भारत’, १९२७. कुंपणवाल्यांच्या हातातला खुंट उपटून त्यांच्याच दारात ठोकला. मी तेच करतोय. आजवर कुंपण घालणारे ठरवत आले कोण बाहेर. या वाक्यात मी कुंपण घालण्यालाच बाहेर काढतो.”

ती गप्प राहिली. तिला उत्तर सुचलं नाही म्हणून नव्हे. ती पत्र पुन्हा वाचत होती. मग तिने बोट सातव्या वाक्यावर नेलं.

“इथे तू नोटिशीला काढत नाहीस. माणसांना काढतोस. जो कोणी समर्थन करेल तो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजी, ज्यांना भीती वाटते म्हणून त्या कमिटीच्या बाजूने बोलल्या, त्यासुद्धा कुंपणाबाहेर. तुझं तिसरं वाक्य आणि सातवं वाक्य, व्याकरणाने दोन्ही बरोबर. पण एक वागण्याबद्दल आहे, दुसरं माणसांबद्दल. किपलिंगची गोष्ट आठव.”

आठवली. ‘बियॉन्ड द पेल’ याच नावाची, १८८८ च्या ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ मधली. मुंबईत जन्मलेला हा लेखक लिहितो एका इंग्रजाबद्दल, जो अंधाऱ्या गल्लीतल्या एका तरुण विधवेच्या प्रेमात पडतो. कुंपण ओलांडल्याबद्दल त्याला जांघेत जखम होते, थोडं लंगडत तो आपल्या जगात परत येतो. तिचे दोन्ही हात तोडलेले असतात. त्या गोष्टीत कुंपण ओलांडलं दोघांनी, किंमत कोणी किती भरली हे वाचणाऱ्याने पाहावं. मी ती गोष्ट शिकवायचो तेव्हा शैलीवर बोलायचो.

मी पेन घेतलं आणि सातवं वाक्य खोडलं. पूर्ण, एका रेघेत. इतक्या वर्षांत मुलांच्या वह्यांवर ही सूचना मी कधीच लिहिली नव्हती, आणि लिहायला हवी होती : हा वाक्प्रचार कृतीला लावा, शब्दांना लावा, धोरणाला लावा, माणसाला लावू नका. कोशात दोन्ही सापडेल. व्याकरण कुठेही अडवणार नाही. पण माणसाला लावला की त्यातला जुना बांध जागा होतो.

“आणि तिसरं?” तिने विचारलं.

“तिसरं राहणार.”

“मी असते तर काढलं असतं.”

“ठाऊक आहे. पत्र माझ्या सहीचं आहे.”

तेवढ्यात बेल वाजली. संध्याकाळची भांडी घासायला येणाऱ्या ताई होत्या. दारातच त्या कठड्याला हात लावून क्षणभर उभ्या राहिल्या. श्वास लागला होता.

“मागची लिफ्ट काल दुपारपासून बंद आहे, सर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या लिफ्टपाशी वॉचमनने नको म्हटलं. चार घरं आहेत माझी या बिल्डिंगमध्ये. दोन, पाच, सात, आणि परत चार. आता माझ्याच्याने होत नाही हो. गुडघाच धरत नाही.”

भाचीने त्यांना पाणी दिलं. त्या बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच प्यायल्या. टेबलावरचा कागद पाहून म्हणाल्या, “लिफ्टचंच लिहिताय ना? वॉचमन म्हणत होता, सर पत्र देणार आहेत. काय लिहिलंय, वाचा की.”

मी वाचायला घेतलं. पहिली दोन वाक्यं मराठीत सहज आली. तिसऱ्याशी अडखळलो. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द त्या बाईंसमोर, त्या अर्थाने, माझ्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, “ही नोटीस माणुसकीला सोडून आहे, असं लिहिलंय.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मागची लिफ्ट बंद असते ते लिहिलंय का? आठवड्यातनं दोनदा तरी बंद असते.”

ते लिहिलेलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं. त्या आत गेल्या, नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

“मामा,” भाची हळू आवाजात म्हणाली, “इंग्रजीत मर्यादेचा दुसराही एक वाक्प्रचार आहे. अॅट द एन्ड ऑफ वन्स टेदर.”

टेदर म्हणजे दावं. जनावर खुंटाला बांधतात, दाव्याच्या लांबीइतकं गोल चरून संपतं, पुढे गवत दिसत असतं आणि तोंड पोचत नाही. अंगातलं बळ संपलं, धीर सुटला, आता पुढे होत नाही, हे सांगायला ते शब्द वापरतात. मुलं या दोन वाक्प्रचारांची नेहमी गल्लत करायची. सहन होत नाही अशा अर्थाने दोन्ही घ्यायची, आणि मी लाल शाईने वेगळे करून द्यायचो : एक दुसऱ्याच्या वागण्याची हद्द सांगतो, दुसरा स्वतःच्या ताकदीची.

“दोन्हीत खुंटच आहे,” ती म्हणाली. “एक खुंट ज्याने ठोकला तो बोलतो. दुसरा, ज्याला बांधलं तो. तुझ्या पत्रात पहिलाच आहे.”

त्यावर मी तिच्याशी वाद घातला नाही. कागद पुढे ओढून तिसऱ्या वाक्याखाली, जिथे जेमतेम दोन ओळींची जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं : मागची लिफ्ट काल दुपारपासून बंद आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी बंद पडते, आज संध्याकाळी आमच्याकडे काम करणाऱ्या बाई दोन, पाच आणि सात असे मजले जिन्याने चढून आल्या. तेवढं मराठीतच लिहिलं. मग संपूर्ण पत्र मराठीत उतरवायला घेतलं, इंग्रजी प्रत त्याला जोडायची असं ठरवून. इंग्रजीत ‘बियॉन्ड द पेल’ ठेवलं आहे, स्पेलिंग तपासून, पहिलं अक्षर लहान. मराठीत ‘माणुसकीला सोडून’.

नऊ वाजता ताईंचं काम आटोपलं. मी आणि भाची त्यांच्याबरोबरच बाहेर पडलो. पुढच्या लिफ्टचं बटण भाचीने दाबलं. लिफ्ट आली, आरशात तिघं दिसलो. खाली वॉचमन खुर्चीवरून उठला, काही बोलला नाही. मी दोन्ही प्रती कमिटीच्या पेटीत टाकल्या, आणि भाची ताईंना कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत सोडायला गेली.